मालकाचा रकाना

सातबाराचा ताजा उतारा समोर घ्या आणि त्यात ‘मालक’ हा शब्द शोधा. गाव सापडेल, तालुका सापडेल, गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकारणी, विहीर, सोसायटीचा बोजा, सगळे सापडेल. मालक सापडणार नाही. ज्या कागदापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला जाईनासे होतात, त्या कागदावर त्यांची नावे ‘भोगवटादार’ म्हणून लिहिलेली असतात. भोगवटा म्हणजे वहिवाट, उपभोग. महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, सारा कोणाकडून घ्यायचा एवढेच तिच्यावरून ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. आपण मात्र अजूनही विचारतो ते एवढेच : सातबारा कोणाच्या नावावर आहे?

गावाकडे जुनी बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, ‘आमचं मालक’ म्हणते. गडी धन्याला मालक म्हणतो. ट्रकचा, हॉटेलाचा, पानाच्या टपरीचाही मालक असतो. सरकारने शेतकऱ्याला मात्र या शब्दाने हाक मारायचे टाळले, आणि हे टाळणे विसरभोळेपणाचे नव्हते. त्याची बरीचशी हकीकत पुणे जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास, १८१८ ते १८७९ या साठेक वर्षांत घडली. पण तिथे पोचण्याआधी थोडे मागे जायला हवे, आणि त्याआधी थोडे व्याकरणाकडे.

मराठीत मालकी सांगणारे वेगळे क्रियापद नाही. ‘असणे’ यावरच सगळे भागते. मात्र ते भागवताना भाषा एक बारीक भेद करते. ‘माझ्याकडे तीन हजार रुपये आहेत’ असे आपण म्हणतो, पण ‘मला तीन एकर रान आहे’. मला दोन मुले आहेत, मला एक बहीण आहे, मला तीन एकर रान आहे. पैसा ‘कडे’ असतो, म्हणजे आज इकडे, उद्या तिकडे. जमीन नातेवाइकांच्या रांगेत बसते. ‘माझ्याकडे तीन एकर आहे’ असे जो म्हणतो तो बहुधा खंडाने किंवा वाट्याने करणारा असतो. कायद्याच्या कुठल्याही व्याख्येआधी हा भेद शेतकऱ्याच्या तोंडी होता. शब्दही पाहा : मालमत्ता, इस्टेट, ऐवज, आणि खेड्यातली ‘जिनगी’. हिंदीत जिंदगी म्हणजे आयुष्य. मराठीत जिनगी म्हणजे घरदार, गुरेढोरे, चीजवस्तू. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे.

आता मागे जाऊ. प्रश्न स्वत्वाचा, म्हणजे मालकीचा. एखादी वस्तू ‘माझी’ होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न विज्ञानेश्वराने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला चालुक्यांच्या कल्याणीत बसून विचारला. त्याच्या ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रग्रंथातल्या दायविभागाच्या, म्हणजे वारसावाटणीच्या प्रकरणाच्या, आरंभीच हा वाद येतो : स्वत्व शास्त्रातून कळते की लोकव्यवहारातून? शास्त्रातून म्हणावे, तर ज्याला शास्त्र ठाऊक नाही त्याच्यापाशी स्वतःचे काही नसावे. विज्ञानेश्वर सीमेपलीकडच्या लोकांकडे बोट दाखवतो. शास्त्राचा गंध नसलेली ती माणसेही खरेदी करतात, विक्री करतात, हे माझे ते तुझे म्हणतात. म्हणून स्वत्व लौकिक आहे. जन्मतःच मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीत वाटा असतो, हा मिताक्षरेचा प्रसिद्ध सिद्धांत याच पायावर उभा आहे, आणि वाटपाच्या दाव्यांत आजही वकील त्याचेच नाव घेतात.

जमिनीबद्दलचा प्रश्न त्याहूनही जुना आहे, आणि तो यज्ञातून निघाला. विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान द्यायची का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांत याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच. शबराने त्यावर भाष्य करताना राजाला रक्षणाबद्दल पिकाचा भाग मिळतो, मातीवर त्याची मालकी नाही, अशा अर्थाचे स्पष्टीकरण दिले. धर्मकृत्याच्या एका अडचणीतून भूमिकराचा एवढा मोठा सिद्धांत निघावा, याची मला नेहमी गंमत वाटते.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने व्यवहारमयूखात हा धागा पुन्हा उचलला. भट्टांचे घराणे मूळ पैठणचे, तिथून काशीला गेलेले. शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच नीलकंठाच्या चुलतभावाचे चिरंजीव. नीलकंठ म्हणतो की मुलूख जिंकल्याने राजाला करवसुलीचा अधिकार मिळतो. शेते, घरे यांचे स्वामित्व ज्याच्या त्याच्याकडेच राहते. पुढे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात वारसा-वाटणीच्या बाबतीत हाच मयूख प्रमाणग्रंथ मानला गेला. बोराडेलने १८२७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले, १८८० मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी पुन्हा केले. दत्तकाला, विधवेला, भावाभावांना लागू पडणारा हा ग्रंथ सरकारने मनोभावे वाचला. राजाला लागू पडणारा त्याचा परिच्छेद वाचायची वेळ आली, तेव्हा काय झाले ते पुढे येईल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यात बसला. पुढच्या वर्षी त्याने जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात त्याला एक शब्द वारंवार वापरावा लागला : मिरास. अरबी ‘मीरास’ म्हणजे वारसा. मराठीत तो शब्द गावच्या मातीत असा रुजला की मिरासदार म्हणजे गावचा मूळ, पिढीजाद शेतकरी. त्यालाच थळकरी म्हणत, कारण गावची शिवारे थळांमध्ये वाटलेली असत आणि प्रत्येक थळाला एका घराण्याचे नाव असे. वंश खुंटला तर ते थळ ‘गतकुळी’ होई, पण नाव जात नसे. माणसे गेली तरी थळझाड्यात, म्हणजे थळांच्या यादीत, कुळाचे नाव उरे.

मिरासदार आपल्या शेतातून उठवला जात नसे. दुष्काळात परागंदा झाला, वर्षानुवर्षे परत आला नाही, तरी त्याचा हक्क मरत नसे. पोटाला लागून तो वा त्याचा मुलगा परत आला आणि बाकी भरायला तयार झाला, तर शेत त्याला परत मिळे. एल्फिन्स्टनने हे नोंदवले, आणि मिरासदार हे खरोखरीचे जमीनमालक आहेत, ठरलेला सारा देतात, त्यांचा हक्क वंशपरंपरागत आणि विक्रीयोग्य आहे, असा निष्कर्षही काढला. विक्री होई हे खरे. पण मिरासपत्र गावासमोर, पाटील-कुलकर्ण्यांच्या आणि शेजारपाजाऱ्यांच्या साक्षीने होई. परका माणूस मिरासदार झाला म्हणजे तो गावात आला, असा त्याचा अर्थ. गावसभेत बसायची जागा, काही पट्ट्यांतून सूट, सणावारी मान, हे सगळे मिरासीला चिकटून येई. जमीन त्यातला एक भाग.

मिरासदाराच्या समोर ‘उपरी’ होता. बाहेरून आलेला, कौलावर शेत करणारा, वर्षावर्षाचा. गावात त्याला बूड नव्हते. ‘उपरा’ हा आजचा शब्द त्याच घरातला, आणि लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला हे नाव दिले तेव्हा त्यातली जुनी बोच पूर्ण शाबूत होती. मिरासदारांचे काय झाले? त्यांचे आडनाव झाले. द. मा. मिरासदारांच्या गोष्टी वाचून महाराष्ट्र हसला, पण त्या आडनावात एकेकाळी केवढी पत होती हे वाचणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

एल्फिन्स्टनला मिरासी टिकवायची होती. त्याच्यामागून आलेल्या पिढीला हिशेब हवा होता. आर. के. प्रिंगल हा तरुण अधिकारी हेलीबरी कॉलेजात शिकून आला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता आणि हवेत रिकार्डोचा खंडसिद्धांत होता : मजुरी, खर्च आणि रास्त नफा वजा जाता जमिनीतून जे उरते तो खंड, आणि तो जमीनदाराचा. मग हिंदुस्थानात जमीनदार कोण? सरकार. एकदा हे गृहीत धरले की मिरासदार हा एक कूळ ठरतो आणि त्याचे मिरासपत्र ही एक कौतुकाची वस्तू. प्रिंगलने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याची मोजणी केली, शेताशेताचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्यातले ५५ टक्के सरकारचे ठरवले. कागदावर सुबक, रानात अशक्य. आकडे खोटे निघाले, हाताखालच्या अंमलदारांनी हात धुऊन घेतले, पावसाने दगा दिला. इंदापुराकडची माणसे शेते टाकून निजामाच्या हद्दीत निघून गेली.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी आले. दोघेही व्यवहारी. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात त्यांनी नव्याने सुरुवात केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या भानगडीत न पडता मातीचे नऊ वर्ग पाडले, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. सोळा आणे जमीन म्हणजे काळी कसदार. आजही मराठीत अस्सल गोष्टीला ‘सोळा आणे’ म्हणतात. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. बिघा, चाहूर ही जुनी मापे हळूहळू म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली. शिवारातल्या थळांची नावे गेली आणि त्यांच्या जागी ‘नंबर’ आले. एका बैलजोडीला झेपेल एवढे रान म्हणजे साधारण एक नंबर. हद्दीवर दगड बसले. सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने ही सगळी पद्धत इलाख्याची पद्धत झाली.

या मोजणीने मिरासदार आणि उपरी यांच्यातली भिंत पाडली, आणि ती न बोलता पाडली. नंबरचा सारा जो भरील तो त्याचा धारक; त्याने मिरासपत्र दाखवले काय अन् न दाखवले काय. उपऱ्यासाठी ही मुक्तीच होती, हे मान्य करायला हवे. पिढ्यान्‌पिढ्या कौलाच्या दयेवर राहणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणी उठवू शकत नव्हते. मिरासीचे गोडवे गाणारे लिखाण उपऱ्याची ही बाजू क्वचितच सांगते. पण मिरासदाराचे जे गेले त्याची भरपाई कोणी केली नाही, कारण इंग्रजांच्या हिशेबात काही गेलेलेच नव्हते.

मग या धारकाला म्हणायचे काय? मालक म्हटले तर सरकार जमीनदार उरत नाही. कूळ म्हटले तर तो सारा भरायला कुठून प्रोत्साहित होणार? म्हणून मधला शब्द निघाला. १८६५च्या मुंबई सर्व्हे कायद्याने त्याला ‘ऑक्युपंट’ केले. मराठीत कब्जेदार. कब्जेदाराचा हक्क वंशपरंपरा चालेल आणि हस्तांतरित करता येईल, असे कायद्याने सांगितले. म्हणजे विकता येईल, गहाण टाकता येईल. मालकीतला विकण्याचा गुण उचलून दिला आणि नाव राखून ठेवले. माझ्या मते साठ वर्षांच्या या कथेतला सर्वांत महत्त्वाचा कारकुनी निर्णय तो हाच.

विकता येणारी वस्तू तारण म्हणून चालते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला, सावकाराने हात सैल सोडला, १८६५ नंतर भाव कोसळले. १८६७ मध्ये इंदापुरात तीस वर्षांची मुदत संपली आणि नव्या आकारणीत सारा चढला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची कालमर्यादा घातली होती. रयतेचे रक्षण व्हावे हा हेतू. झाले असे की सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. रोखा मराठीत, कारकुनाने वाचलेला, खाली शेतकऱ्याच्या नांगराची निशाणी. दिवाणी कोर्ट रोख्यावरचा आकडा पाही, मागचा हिशेब पाहत नसे. आणि डिक्री झाली की जमिनीवर जप्ती येई.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. चोवीस तासांच्या आत केडगावला एका सावकाराचे घर पेटले. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत लोण पसरले. या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली : जमाव रोखे मागत होता. रोखे हवाली केले तर बहुतेक ठिकाणी मारझोड होत नसे. रोखे एका जागी आणून जाळले जात. शेतकऱ्याला नेमके कळले होते की त्याचे शेत आता बांधावर नाही, सावकाराच्या पेटीतल्या कागदावर आहे.

त्याच १८७५ साली मुंबईच्या हायकोर्टात वैकुंठ बापूजी या वादीचा दावा सरन्यायाधीश मायकेल वेस्ट्रॉप यांच्यासमोर होता. कारवार-कानडा भागातली जमीन, जी तेरा वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आली होती. वादीचे म्हणणे असे की जमीन आमची आहे, सारा ठरलेला आहे, सरकारला तो वाढवता येणार नाही. वेस्ट्रॉपचे निकालपत्र प्रदीर्घ आहे. हिंदू आणि मुसलमानी कायद्यात भूमीचा स्वामी कोण मानला आहे, टिपू सुलतानापासून कंपनीचा अधिकारी मन्रो याच्यापर्यंत कोणी काय केले, हे सगळे त्यात चर्चिले आहे. कानड्यातल्या मूळ धारकांचा जमिनीवर मालकी स्वरूपाचा हक्क आहे, हे न्यायालयाला मान्य झाले. पण आकारणी वाढवण्याच्या सरकारी अधिकाराला त्याने बाध येत नाही, म्हणून दावा हरला. जमीन तुझी, सारा मात्र आम्ही ठरवू.

सरकार जिंकूनही अस्वस्थ झाले. जमीन कोणाची या प्रश्नावर न्यायालय एवढे खोल शिरते, तर उद्या दुसरा न्यायाधीश दुसरे काही म्हणेल. १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने आकारणीचे वाद दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. शास्त्रवचनांचा प्रश्न मिटला नाही, विचारायची जागा मिटवली.

१८७९ साल तर विचित्रच आहे. त्या वर्षी मुंबई जमीन महसूल संहिता झाली आणि तिने कब्जेदाराचा हक्क ही वारसाने चालणारी व हस्तांतरणीय मालमत्ता आहे असे ठासून सांगितले. जी जमीन कोणाचीही नाही ती सरकारची, हेही. त्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. आता कोर्टाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ हिशेब काढता येत होता, आणि जमीन खास गहाण टाकलेली नसेल तर साध्या कर्जापायी तिची विक्री होत नव्हती. एका हाताने विकण्याची मोकळीक, दुसऱ्या हाताने तिला खीळ.

१९०१ मध्ये सरकारने हेच तत्त्व पुढे नेले. सारा थकल्याने जप्त झालेली जमीन परत द्यायची, पण विक्रीच्या हक्काविना. सावकारापासून रयत वाचवायची म्हणे. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी मुंबई कायदेमंडळात या विधेयकाला विरोध केला आणि ते मंजूर होताना सभात्याग केला. रयतेला अज्ञान पोर समजून तिच्या हक्काला कात्री लावू नये, ही त्यांची भूमिका. सभागृहात ते हरले. ‘जुनी शर्त’ आणि ‘नवी शर्त’ ही जोडी तेव्हापासून मराठी बोलीत आहे, आणि तहसील कचेरीबाहेर चहा पिणाऱ्या कोणालाही ती समजते. सातबारावर पुढे ‘नियंत्रित सत्ता प्रकार’ असेही लिहिले जाऊ लागले. सत्ता कोणाची, हे लिहायची गरज नव्हती.

आतापर्यंत मी जमीन असलेल्यांबद्दल बोललो. गावाच्या कडेला एक वेगळ्या प्रकारची मिळकत होती : महार वतन. हिंदीत वतन म्हणजे मायदेश, आणि मराठीत वतन म्हणजे पिढीजाद हक्क. देशमुख, पाटील, कुलकर्णी आपले वतन राखायला तापलेल्या तेलात हात घालण्याचे दिव्य करायला तयार होत. मानाच्या पोळीवरून आणि पोळ्याच्या दिवशी पहिला बैल कोणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालत. महाराच्या वतनात थोडी जमीन, थोडे बलुते आणि त्याबदल्यात सरकारची व गावाची रात्रंदिवस हाक. हा हक्क माणसाकडे होता की माणूस त्या हक्काकडे गहाण होता, हे सांगणे कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. मोबदला पुरेसा असावा आणि ज्याला हे वतन नको त्याला ते सोडता यावे, हा त्याचा गाभा. मालमत्ता नाकारता येण्याचा हक्क मागावा लागला, ही गोष्ट विज्ञानेश्वराच्या वादात कुठे बसवायची?

ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. वतनी जमीन जुन्या वतनदारांना कब्जेहक्काची रक्कम भरून परत देण्यात आली, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने भोगवटादारांचे वर्ग पाडले. ज्याला निर्बंधाविना विकता येते तो वर्ग १, ज्याला परवानगी लागते तो वर्ग २.

एखाद्या गावचे उतारे एकापाठोपाठ एक चाळले तर हे सहज दिसते. गावठाणाजवळच्या काळ्या रानातल्या गटांवर भूधारणा पद्धतीसमोर ‘भोगवटादार वर्ग १’ असते. शिवाराच्या टोकाला, ओढ्याच्या पलीकडे, काही तुकडे येतात. आकारणी दोन-तीन रुपये. नावे पाच-सहा, सगळी एकाच आजोबाची नातवंडे. भूधारणा पद्धतीसमोर ‘भोगवटादार वर्ग २’. इतर हक्कांत एक ओळ : हस्तांतरणास बंदी.